चाचणी कर्मचारी

कुडाळला दोन दिवस जाऊन आले.
चहा, बिस्किटं, एक फाइल, एक पासवर्ड,
आणि परतताना मी ॲडमिन होते.
वेंगुर्ल्याच्या स्टँडवर उतरले
तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारपासून काजू फॅक्टरीत
कुणी काय पाहायचं, कुणी कशाला हात लावायचा
हे माझ्या हातात.
मालकांना सगळं.
धुरी सुपरवायझरना मंजुरी, पण आपल्या खात्यापुरती.
आणि गिरपकाका,
सव्वीस वर्षं मस्टर ज्यांच्या काखेत,
कुणाचा खाडा कुठल्या वर्षीच्या कुठल्या वादळातला
हे ज्यांना तोंडपाठ,
त्यांच्या नावापुढे यादीत छापून आलं होतं :
फक्त पाहू शकतो.
मी ते वाचून दाखवलं नाही.
म्हटलं, काका, उद्या चष्मा घेऊन या.

प्रशिक्षण पॅकिंगच्या खोलीत, दुपारी तीननंतर.
फोडणीवरच्या बायका राखेने हात घासून आल्या
तरी तेलाचा काळा डाग बोटांवर तसाच.
मोबाइलची काच ती बोटं ओळखेना.
फिलोमिना डिसोजाने मग बोटाच्या सांध्याने बटण दाबलं,
दार ठोठावतात तसं.

सरावासाठी सिस्टीममध्ये एक खोटी बाई असते.
नाव : चाचणी कर्मचारी.
जन्म एक जानेवारी, पत्ता अबक.
तिच्या नावाने रजा टाका, म्हटलं, भिऊ नका,
तिचा पगार कुणी कापत नाही.

पहिली रजा एक दिवसाची. कारण : ताप.
धुरींनी मंजूर केली, हिरवी खूण उमटली.
मागून कुणीतरी म्हणालं,
"ह्यां येवढां सोपां आसता?"

मग शेवंती आरोलकरने दोन दिवस टाकले :
रातभर दशावतार बघतलंय, मगे झोपतलंय.
फिलोमिनाने नाताळाआधीचे चार,
नेवऱ्या तळायला आणि तळून झाल्यावर
पाय वर करून बसायला.
हसीना होडेकर बराच वेळ टाइप करत राहिली.
मुलीचा निकाल आहे, तिच्याशेजारी बसायचं आहे,
पास झाली तरी, नाही तरी.
आणि एक अर्ज कुणाचा ते कळलंच नाही :
दर्याकडे जावन बसतलंय. उगीच. अर्धो दिवस.
धुरी एकेक मंजूर करत गेले,
बोटं थांबेनात त्यांची.
असे ते भट्टीजवळ कधी दिसले नव्हते.

गुरुवारपर्यंत त्या खोट्या बाईला माहेर मिळालं मोचेमाडला,
घोव ट्रॉलरवर, सासू तोंडाळ.
"बाय आज खय गेली?" म्हणत बायका
खुर्च्या ओढून बसायच्या.
कोपऱ्यात गिरपकाका. त्यांनी मस्टरच्या शेवटच्या पानावर
पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं होतं,
पुढे खाड्यांच्या काड्या, पाच-पाचच्या जुड्या बांधून.
"अडतीस झाले," ते म्हणाले.
"ही बाय कामार येतली कधी?"
खोली हसली. काका नाही हसले, मोजत राहिले.

शनिवारी संध्याकाळी तिला काढायचं होतं.
हा बदल मागे घेता येणार नाही, अशी पाटी आली.
फॅक्टरीत कुणी नव्हतं.
मी 'होय' दाबलं आणि
अडतीस हिरव्या खुणा एकदम गेल्या.

सोमवारी खरं सुरू झालं.
चौसष्ट नावं, सगळी हजर.
मंगळवारी नाही, बुधवारीही कुणाचा अर्ज नाही.
गुरुवारी दुपारी एकच आला.
शेवंती आरोलकर. एक दिवस.
कारण : ताप.

काकांनी चष्मा लावून पाहिलं.
तेवढा अधिकार आहे त्यांना.
"फाल्या जत्रा आसा," म्हणाले,
आणि पडद्यावरची नजर काढून
फोडणीच्या खोलीकडे बघत बसले,
जिथे शेवंती, न खोकता, न कण्हता,
एकेक काजू यंत्राखाली धरत होती.